मिस्त्रींचं खरं वजन

आमच्या घरात वजनकाटा आला तो माझ्या नणंदेच्या किडनीमुळे. तोवर आमच्याकडे वजन हा विषयच नव्हता. माझे यजमान फरशा बसवतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आणि रागात असले की मीही तेच म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा. त्यांचं पोट वाढलं की मी पँटची कंबर उसवून सैल करायची, कारण शिवणकाम माझं, आणि त्यावर दोघांनीही चकार शब्द काढायचा नाही, असा आमचा संसार सुखाने चालला होता.

मग धाकटीच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. धाकटी म्हणजे मिस्त्रींची एकुलती एक बहीण. त्यांनीच तिला कडेवर घेऊन वाढवलं, शाळेत सोडलं, सायकल शिकवली आणि सायकलवरून पाडलंही. आता आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात डायलिसिसच्या यंत्रापाशी तासन्‌तास पडून राहावं लागे, आणि घरी आली की ती भिंत धरून चालायची. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. जुळले ते फक्त मिस्त्री. त्यांनी तिथल्या तिथे बाह्या सरसावल्या, जणू लगेचच काढून देणार होते.

"सगळं उत्तम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तुमचं वजन शहाण्णव आहे. नव्वदच्या आत आणा, तरच मी तुमच्या किडनीला हात लावीन. जास्त वजनाच्या माणसाला टेबलावर घ्यायचा धोका मी पत्करणार नाही."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर बहिणीला दुसऱ्या कोणाची किडनी मिळेपर्यंत थांबावं लागेल. ती रांग फार लांब आहे. आणि त्यांच्याकडे तेवढा वेळ असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

धाकटी तेव्हा शेजारीच बसली होती. तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी काटा आणला. काचेचा, पाय ठेवला की आकडे उजळणारा. खोक्यावर बाथरूमचं चित्र होतं, म्हणून काटा बाथरूममध्ये गेला. घात तिथेच झाला, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या बाथरूमबद्दल थोडं सांगायला हवं. ती मिस्त्रींनी स्वतः बांधली आहे आणि तिच्यावर त्यांचं माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. फरशीला असा ढाळ दिलाय की पाण्याचा थेंब थांबत नाही. दाराशी मगभर पाणी ओता, ते शहाण्या मुलासारखं सरळ जाळीपर्यंत जातं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी हे पाणी बघावं लागतं. माझ्या मावशीने दोनदा बघितलंय.

तर मिस्त्री जिद्दीला पेटले. गोड बंद, तळलेलं बंद, रात्री नुसतं सूप. स्कूटर घरी ठेवून कामावर पायी जायला लागले. चिडचिड इतकी वाढली की मी त्यांच्याशी बोलताना मध्ये शिलाई मशीन ठेवायची. पण सकाळी काट्यावर उभे राहिले की बाथरूममधून आवाज यायचा, "अगं, उतरलं." मग मलाही बरं वाटायचं.

फरशी कापण्याआधी ते तीनदा माप घेतात. काट्यावरही ते तीनदा उभे राहायचे. गंमत अशी की तिन्ही वेळा आकडा वेगळा यायचा. एकदा ब्याण्णव, एकदा एक्क्याण्णव, एकदा नव्वदच्याही खाली. मग त्यातला सगळ्यात कमी तो खरा, असा निवाडा ते स्वतःच करायचे.

"आणि सगळ्यात जास्त तो खरा का नाही?" मी विचारलं.

"अगं, यंत्र आहे. त्यालाही उभं राहणाऱ्याचा अंदाज घ्यायला वेळ लागतो."

पुढे त्यांनी काट्याची जागाही नक्की केली. जाळीजवळचा कोपरा. तिथे आकडा नेहमी कमी यायचा, म्हणून ती जागा चांगली. मी फरशी पुसताना काटा हलवला तर घर डोक्यावर घ्यायचे.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं माप देताना पोट आत ओढून घेतात, त्यामुळे माणूस स्वतःला कसा फसवतो हे मला रोज बघायला मिळतं. काट्याप्रमाणे मिस्त्री सहा-सात किलो उतरले होते. पण पँट आवळायला घेतली तर टेपवर कंबर जेमतेम इंचभर कमी. मी तसं बोलून दाखवलं. तर म्हणाले, "मी पायातून उतरतोय."

दवाखान्यात जायचा दिवस आला. सकाळी आमच्या कोपऱ्यात एकोणनव्वद पूर्णांक सहा. मिस्त्री नवा शर्ट घालून, भांग पाडून निघाले. तिथल्या मोठ्या काट्यावर चढले आणि नर्सबाईंनी वाचलं, "ब्याण्णव पूर्णांक आठ."

मिस्त्री उतरले, चढले, पुन्हा उतरले, पुन्हा चढले. तिन्ही वेळा तेच. "तुमचा काटा बिघडलाय," ते म्हणाले. नर्सबाईंनी हे दिवसातून किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे, त्यांनी फक्त मान डोलावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात शेवटचं बघू, धाकटीची तब्येत त्यापुढे थांबू देणार नाही. मिस्त्रींचा चेहरा इतकासा झाला. आणि धाकटी, खोटं कशाला सांगू, धाकटी परतीच्या वाटेवर गुणगुणत होती.

घरी येऊन मिस्त्रींनी दवाखान्याला नावं ठेवायला सुरुवात केली. मागच्या खोलीत त्यांच्या फरशी चिकटवायच्या मसाल्याच्या गोण्या असतात. वीस किलोची सीलबंद गोणी, कारखान्यात मोजून भरलेली. मी एक ओढत आणली आणि जाळीजवळ काट्यावर ठेवली. सतरा पूर्णांक नऊ. काटा दाराशी सरकवला. एकोणीस पूर्णांक दोन. मग काटा उचलून बाहेर पॅसेजमध्ये नेला. साडेएकोणीस.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली. "तुमची गोणीसुद्धा पायातून उतरतेय."

ते आले. आकडे बघितले. गोणी स्वतः पुन्हा सगळीकडे ठेवून बघितली. मग गुडघ्यावर बसले, गाल फरशीला टेकवला आणि काट्याच्या खाली बॅटरी मारली. बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं चक्कर आली.

"ढाळ जिथे एकदम वाढतो, त्या कडेवर काट्याचं पोट टेकलंय," ते फरशीशीच बोलले. "एक पाय अधांतरी आहे. थोडा भार माझी फरशीच उचलतेय."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या ढाळाबद्दल अभिमान सोडून काही म्हटलं. मला हसू आवरेना, आणि मग त्यांचा चेहरा बघून आवरलं. बहिणीला द्यायचं ते देता येईल म्हणून हा माणूस इतके दिवस अर्धपोटी होता, आणि त्याच्याच हाताने केलेल्या कामाने त्याला गंडवलं होतं.

ते उठले आणि त्यांची पाणसळ घेऊन आले. पाणसळ म्हणजे ती लांब पट्टी, जिच्यातल्या नळीत हवेचा बुडबुडा असतो. तो मधोमध थांबला की जागा सपाट. स्वयंपाकघर, पॅसेज, झोपायची खोली, गॅलरी, सगळीकडे लावून बघितली. बुडबुडा कुठेच मधोमध थांबेना. कारण मिस्त्रींनी अख्ख्या घराला ढाळ दिला होता. पुसायचं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून.

"सबंध घरात एकच जागा सपाट आहे," शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मला माहीत होतं कुठली. खिडकीखाली, जिथे माझं मशीन आहे. घर बांधताना मी त्यांच्या खनपटीला बसून तेवढी फरशी सपाट करून घेतली होती, कारण डुगडुगणाऱ्या मशीनवर सरळ शिलाई येत नाही. सगळ्या घरात तेवढ्याच जागी चांगला उजेडही येतो.

"फक्त महिनाभर," ते म्हणाले.

मशीन आम्ही दोघांनी मिळून दाराजवळ सरकवलं. महिनाभर मी अंधारात सुईत दोरा ओवला आणि प्रत्येक दोऱ्याला मिस्त्रींचं नाव घेतलं. गोणी नव्या जागी ठेवली, तर बरोबर वीस. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा वीस. मी कापडावर खुणा करायच्या खडूने काट्याच्या चारही पायांभोवती गोल काढले आणि कायदा सांगितला. काटा इथून हलणार नाही. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अंगावर बनियन आणि चड्डी. आधी आकडा शून्यावर आलेला बघायचा, मग दोन्ही पाय सारखे ठेवून नीट उभं राहायचं, खाली वाकून बघायचं नाही. आणि एकदाच.

"एकदाच?" त्यांनी केविलवाणं विचारलं.

"एकदाच. आकडा मी वाचणार."

पहिल्या दिवशी ब्याण्णव पूर्णांक पाच. खिडकीचा पडदा ओढून, बनियनवर उभे असलेले मिस्त्री इतके खिन्न दिसत होते की मी चहात चमचाभर साखर घालणार होते. घातली नाही. त्यानंतर आकडा मुंगीच्या पावलाने उतरायला लागला. कधी एक दिवस थोडा वरही जायचा, आदल्या रात्री सूप खारट झालं असेल तर. पण आता तो वर का गेला हे आम्हाला कळायचं, आणि कळलं की घाबरायला होत नाही.

धाकटी डायलिसिसनंतर आमच्याकडे पडायला यायची. एका दुपारी मिस्त्री कामावर असताना ती मशीनजवळ येऊन बसली. काट्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, तो परत बाथरूममध्ये ठेव ना."

"का गं?"

"त्याला कमी दिसेल, तो खूश होईल, थोडं जास्त खाईल. आणि दवाखान्यात गेल्यावर वजन जास्त भरेल. प्रश्नच मिटेल." ती हसत होती, पण डोळे भरले होते. "त्याला काही झालं तर मी तुला काय तोंड दाखवू?"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण हातात ठेवून बोलणं बरं नव्हतं. "हे बघ," मी म्हटलं, "मला भीती वाटते. रात्री मी जागी असते. पण त्या माणसाने तुझ्यासाठी गोड सोडलंय. लग्नात मी त्याच्यासाठी इतकं काय काय सोडलं, त्याने माझ्यासाठी लाडू सोडला नव्हता. त्याला फसवायचं असेल तर तू फसव. मी काट्याला हात लावणार नाही."

तिनेही लावला नाही. नुसती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली, आणि शिवत असलेल्या परकराला नाक पुसलं. तो गिऱ्हाइकाचा होता.

ठरलेल्या दिवशी मिस्त्री पिशवीतून पाणसळ घेऊन निघाले. मी डोक्याला हात लावला. दवाखान्यात पोचल्यावर ते काट्यावर चढण्याआधी खाली बसले आणि चारही बाजूंनी बुडबुडा बघायला लागले.

"काका, काय हरवलंय का?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही. फरशी ज्याने कोणी बसवलीय, सपाट बसवलीय," ते म्हणाले आणि चपला काढून वर उभे राहिले. समोर बघत, पाय सारखे.

"एकोणनव्वद पूर्णांक चार," नर्सबाई म्हणाल्या. "परत बघायचं का?"

"नको. एकदाच."

डॉक्टरबाईंनी मिस्त्रींचं मनापासून कौतुक केलं. मग खुर्ची धाकटीकडे वळवली. "आता तुम्ही सांगा. देणारा तयार आहे, पण घेणारीने अजून हो म्हटलेलं नाही."

धाकटी भावाकडे वळली. "दादा, मला भीती वाटते. तुला काही झालं तर?"

"मलापण वाटते," मिस्त्री म्हणाले.

"मग कशाला देतोस?"

बोलणं हे मिस्त्रींचं काम नाही. "ही भीती एका दिवसाची आहे," ते म्हणाले. "तू नसलीस तर ती रोजची होईल. मला जमणार नाही ते."

धाकटीने डोळे पुसले. "चालेल," ती हळूच म्हणाली.

"चालेल म्हणजे हो ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो."

बाहेर आल्यावर तिने आधी मला मिठी मारली, मग भावाचा हात धरला आणि म्हणाली, "दादा, आज तरी पोटभर जेव."

"ऑपरेशन होईपर्यंत नाही," मी म्हटलं, आणि दोघा भावंडांनी एकदमच माझ्याकडे रागाने बघितलं.