तारखेची रिकामी जागा

ओनेलियाच्या भाचीची लेक यादिरा ज्या वर्षी पंधरा वर्षांची झाली, ते सत्त्याण्णव साल. पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला गुलाबी घेरदार झगा हवाच, आणि हवानात तेव्हा साबण मिळायची मारामार. तरी झगा आला. फ्लोरिडातल्या हायालीयाहून नेरेइदा तो घेऊन आली. ती एकेकाळी याच गल्लीत राहायची. सगळे झग्याभोवती गोळा झाले, तसं तिनं ओनेलियाला स्वयंपाकघरात ओढलं.

"झगा रिगोनं पाठवलाय. नाव सांगू नको म्हणाला."

ओनेलियानं नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"पोटाचा कॅन्सर आहे त्याला. नाताळ बघितला तर नशीब, असं डॉक्टर म्हणतात. गुरुवारी मी परत चाललेय, बाई. एक चिठ्ठी दे. सतरा वर्षांत एक तरी दे!"

रिगोबेर्तो तिचा धाकटा भाऊ. ऐंशी साली होडीत बसून अमेरिकेला गेला. त्याची दोन-तीन पत्रं आली. ओनेलियानं ती वाचली आणि उत्तर न देता जाळली. दर जानेवारीत कचेरीत एक फॉर्म भरावा लागे. त्यात प्रश्न असे : परदेशातल्या नातेवाइकांशी संबंध आहे काय? ती 'नाही' लिहायची. एकदा लिहिलं की वर्षभर ते पाळायचं. तेवढ्यावर तिची नोकरी होती.

आणि तिची नोकरी म्हणजे निरोप लिहिणं. परराष्ट्र खात्याच्या एका मागच्या खोलीत ती चौतीस वर्षं मित्रदेशांना पाठवायचे निरोप लिहीत होती. हनोईला स्वातंत्र्यदिनाचा, लुआंडाला विजयाचा, दमास्कसला वाढदिवसाचा. अमेरिकेनं कुणावर निर्बंध घातले, की दुपारच्या जेवणाआधी निरोप जायलाच हवा : आम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहोत, आपण एकटे नाही. प्रत्येक देशाचं एक कार्ड लाकडी खणात लावलेलं असे. पूर्व युरोपातली सरकारं कोसळली तेव्हा तिनं एकामागून एक कार्डांवर तिरकी रेघ मारली. फेकली मात्र एकही नाहीत. खण तसा भरलेला दिसे, पण निरोप जायचे ते चार-सहा कार्डांनाच.

"आता भाऊ म्हणावेत असे बोटांवर मोजण्याइतके उरलेत," विभागप्रमुख आर्सेनियो म्हणायचा. "त्यांचे वाढदिवस तरी विसरू नकोस, बाई. आपला कुणाच्या लक्षात असतो?"

या खोलीचा एक जुना रिवाज होता. मित्रदेशातला कुणी मोठा माणूस गंभीर आजारी पडला, की त्याच दिवशी दोन कागद तयार करायचे. एक त्याला, लवकर बरे व्हा म्हणून. दुसरा त्याच्या बायकोला, शोकाचा. दुसऱ्यात फक्त तारखेची जागा रिकामी सोडायची आणि तो निळ्या फाइलीत ठेवायचा. बातमी आली की तारीख घालून पाठवायचा, म्हणजे आपला निरोप पहिला पोचतो. काही कागद त्या फाइलीत दहा-दहा वर्षं पडून होते.

रविवारी दुपारी ओनेलिया जेवणाच्या टेबलाशी बसली. एकटीच होती, या घरात दुसरं कुणी नव्हतंच. 'आपल्या प्रकृतीबद्दल ऐकून आम्हांस तीव्र चिंता वाटते' असं पहिलं वाक्य उतरलं. फाडलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या कागदावर मात्र हात मोकळा झाला आणि पान भरलं. डोळे पुसून तिनं कागदाची घडी घातली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं हातानं आणखी एक कोरा कागद ओढला. तो तिच्या भावजयीला, इराइदाला. तो सरसर लिहून झाला. एक शब्दही खोडावा लागला नाही.

कचेरीतल्या वापरलेल्या कागदांची दोन पाकिटं तिनं घरीच चिकटवली होती. दोन्ही सारखी. नाव लिहायची भीती, म्हणून दोन्ही कोरी.

बुधवारी तिनं त्यातलं एक नेरेइदाच्या हातात ठेवलं. गुरुवारी विमान उडालं. शुक्रवारी कचेरीतून आल्यावर, आपण रिगोला काय लिहिलं ते मनात घोळवताना, तिला उगीच वाटलं म्हणून तिनं दुसरं पाकीट उघडलं. 'प्रिय रिगो' अशी सुरुवात होती.



दोन रात्री तिला अन्न गेलं नाही. जिवंत माणसाच्या दारात आपण त्याचाच दुखवटा पाठवला.

सात डिसेंबरला, रविवारी सकाळी, जिन्यातून हाक आली, "ओनेलिया! फोन! हायालीयाहून!" सगळ्या इमारतीनं ऐकलं. इमारतीतला एकुलता फोन तळमजल्यावर सोइलाकडे होता. सोइला गल्लीच्या समितीची प्रमुख. कुणाकडे कोण येतं आणि कुणाला कुठून काय येतं, हे तिच्या वहीत उतरायचं. ओनेलियानं पाकीट उचललं आणि चपला न घालताच उतरली. सोइला खुर्ची सोडून हलली नाही.

"नेली?" आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. "अगं, तारीख रिकामी सोडलीस! मी कुठली घालू? मंगळवार चालेल?"

"रिगो, चुकून... रे, माझ्या हातून..."

"इराइदाला तुझं पत्र फार आवडलं. 'या दुःखात आपण एकट्या नाही.' मी शेजारीच सूप पीत बसलोय! आणि काय गं, 'त्यांच्या जाण्यानं भरून न येणारी पोकळी'? लहानपणी मला डुक्कर म्हणायचीस." तो हसायला लागला. मग खोकला लागला, तो बराच वेळ चालला.

"दुसरं पत्र होतं रे. तुला लिहिलेलं. ते इथेच राहिलं."

"मग वाच की. फोनच्या कार्डात चार मिनिटं उरलीत."

ओनेलियानं सोइलाकडे पाहिलं. सोइलाच्या मांडीवर वही उघडी होती. मग तिनं कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"प्रिय रिगो, तुझी खाट मी अजून खिडकीखालीच ठेवली आहे. कुणी मागितली तर मोडकी आहे म्हणते. तुझी पत्रं मिळाली होती. मी ती जाळली, पण पाठ करून जाळली. सतरा जानेवाऱ्या मी तुला 'नाही' म्हटलं. जगभरच्या लोकांना एकटे नाही म्हणून कळवलं, त्यांतल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नाही. तुला कळवायचं राहिलं. आईनं जाताना..."

तिथं ती थांबली, कारण पलीकडून श्वास ऐकू येईना.

"रिगो? ऐकतोयस ना? हॅलो?"

लाइन गेली होती. कधी गेली, कुठल्या शब्दाला, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं उरलेल्या पाच ओळी तरीही रिसीव्हरमध्ये वाचल्या.

सोइलानं घसा साफ केला. "राँग नंबर होता असं लिहिते. तुझी नोकरी आहे, बाई. उगाच कशाला?"

"नको. माझा भाऊ होता. तसंच लिही."

"विचार कर."

"सतरा वर्षं तेच केलं."

सोइलानं पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं.

जानेवारीत फॉर्म आला. ओनेलियानं त्या प्रश्नापुढे लिहिलं : हो, एक भाऊ. आर्सेनियोनं तो वाचून दार लोटून घेतलं.

"अगं, आता तर तो राहिला नाही. 'नाही' लिहिलंस तरी ते खरंच ठरेल. नवा फॉर्म देतो, ये."

"राहू दे तोच," ती म्हणाली, आणि खणातल्या कार्डांकडे वळली. त्या दिवशी एका मित्रदेशाचा राष्ट्रदिन होता. मार्चमध्ये तिला घरी बसवलं.

तिनं पाठवलेल्या कागदावरची तारखेची जागा इराइदानं पेन्सिलीनं भरली. रिगोबेर्तो केसादा हायालीयात ७ डिसेंबर १९९७ रोजी, रविवारी सकाळी वारला.