चौदा नंबरचा उमेदवार

आमच्या कंपनीत माणूस घ्यायचा झाला की आधी त्याचं नाव काढून घेतात.

नैरोबीत हे करावंच लागतं. नाव कानावर पडलं की माणूस डोंगरउतारावरच्या चहामळ्यांतला, तळ्याकाठचा की आमच्यासारखा पश्चिमेकडच्या उसाच्या पट्ट्यातला, हे लिफ्टमनलाही कळतं. मग कोणी निवडला गेला की बाकीचे म्हणतात, 'आपला म्हणून घेतला.' नाही निवडला की तोच म्हणतो, 'त्यांचा नव्हतो ना.' म्हणून आमच्या मुख्य गाथोनी मॅडम यांनी चार वर्षांपूर्वी नियम केला. अर्ज आला की त्याला नंबर द्यायचा. नावांची यादी एकट्या लुस्वेतींकडे कुलपात राहील. काम तपासणाऱ्याला फक्त नंबर दिसेल.

लुस्वेती म्हणजे मी. झब्लोन लुस्वेती, वय सत्तेचाळीस. काम, अनुभवी प्रोग्रामर शोधून आणणे. अनुभवी म्हणजे ज्याला अजून बर्लिन किंवा टोरांटोने उचललेलं नाही असा. असे फार थोडे उरतात आणि त्यांना आपण उरलोय हे पक्कं ठाऊक असतं. ऑफिसात मला सगळे म्झे म्हणतात. हा मान आहे. तो केस पिकल्यावर मिळतो, कामाचा त्याच्याशी संबंध नसतो.

मी स्वतः बारा वर्षं प्रोग्राम लिहिले. बरे लिहायचो, म्हणून मला बढती मिळाली. आणि बढती म्हणजे प्रोग्राम लिहिणं बंद. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याकडे केबिन आहे, तिला काच आहे, आणि काचेपलीकडे माणसं काम करताना दिसतात. बसमध्ये कधीकधी माझी बोटं आपोआप मांडीवर चालायला लागतात. बायको, रिस्पा, म्हणते, "बाबा नेकेसा, पियानो शिकायचा राहिला का तुमचा?" नेकेसा आमची मुलगी. ती मोम्बासाला शिकते आणि पियानो तिलाही येत नाही.

मार्चमध्ये हॉलंडच्या एका फूलवाल्या कंपनीचं काम आलं. नैवाशाच्या मळ्यात कापलेला गुलाब शीतखोलीतून विमानात आणि विमानातून तिकडच्या लिलावात कसा पोचतो, हे पेटीगणिक दाखवणारं अ‍ॅप त्यांना हवं होतं. तेही एका ठरावीक फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यात, ज्यात गिऱ्हाइकाला दिसणारं दुकान आणि मागचं गोदाम एकच माणूस बांधतो. त्या फ्रेमवर्कचं नाव सांगत नाही. हे छापून येईपर्यंत त्याची नवी आवृत्ती आलेली असेल आणि जुनी वापरणाऱ्यांना लाज वाटायला लागलेली असेल. अनुभवी माणसं तीन हवी होती.

अर्ज एक्केचाळीस आले. एकाने लिहिलं होतं, 'सात वर्षांचा अनुभव, पैकी चार वर्षं मनापासून.' मला तो आवडला, पण त्याने पुढे काम पाठवलंच नाही. बहुधा ते उरलेल्या तीन वर्षांत मोडत असावं.

परीक्षा म्वेनी काढायची. म्वेनी आमची मुख्य प्रोग्रामर, वय एकोणतीस, मचाकोसची. मी फक्त तिची परीक्षा उमेदवारांना पाठवायचो. त्या शुक्रवारी पाठवता पाठवता मी ती वाचली. छोटीशीच होती, फुलांच्या पेट्यांचं एक बारकं अ‍ॅप. दोन वर्षं बसमध्ये लोक फोनवर फुटबॉल बघत असताना मी ते फ्रेमवर्क शिकत होतो, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. या वयात असल्या गोष्टी लपवून कराव्या लागतात. शेजारच्या म्वांगांगींनी लपवून दुसरं लग्न केलं, त्यांना लोक समजून तरी घेतात.

रविवारी मी पोट दुखतंय म्हणालो.

"चर्चला यायचं नसलं की तुमचं पोट बरोबर दुखतं," रिस्पा म्हणाली. "चपात्या झाकून ठेवल्यात. पोट दुखत असेल तर खाऊ नका."

ती परतली तेव्हा चपात्या तशाच होत्या आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की पोट खरंच दुखतंय. मी सहा तास म्वेनीची परीक्षा सोडवत होतो, उठलोच नव्हतो. काम पाठवलं, यादी उघडली, चौदा नंबरचा उमेदवार गळाला होता, तिथे माझं नाव लिहिलं आणि कुलूप लावलं. मला काय हवंय हे तेव्हा मला स्वच्छ कळत होतं. मला काचेच्या पलीकडे जायचं होतं.

बुधवारी म्वेनी माझ्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन आली. ती मला शेरे वाचून दाखवायची आणि मी ते उमेदवारांना कळवायचो, ही रीत होती.

"म्झे, हा चौदा बघा," ती म्हणाली. "हा माणूस सरळ लिहितो. नखरे नाहीत. वाचताना बरं वाटतं."

मी पाणी प्यालो.

"पण गाढव आहे. वेळेचं बघा काय केलंय! नैरोबीत घड्याळ कधी बदलत नाही म्हणून साहेबांनी धरलंय की जगात कुठेच बदलत नाही. हॉलंडमध्ये उन्हाळा लागला की घड्याळ तासभर पुढे जातं, हे याच्या गावीही नाही. म्हणजे फुलं लिलाव संपल्यावर तासाभराने पोचणार! त्याला सांगा, हा भाग फाडून टाक आणि नवा लिही. तीन दिवस देते."

"सांगतो."

"आणि म्झे, गोड करून सांगू नका. तुम्ही फार गोड करता."

"नाही करणार."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. नऊ वर्षांत कोणी मला गाढव म्हटलं नव्हतं. या नऊ वर्षांत मी गाढवपणा कमी केला होता असं नाही. पण कोणी ते काम उघडून, ओळ दाखवून, इथे तू गाढव आहेस असं म्हटलं नव्हतं. आणि ती बरोबर होती. मी जेवणाच्या सुट्टीत तो भाग फाडला.

पुढचे आठ दिवस मी माझाच पोस्टमन होतो. म्वेनी शेरा द्यायची, मी तो चौदाला पोचवायचो. चौदाचं उत्तर मी तिला पोचवायचो.

"चौदा म्हणतो की पेट्यांची यादी एकदम सगळी आणली तर सोपं पडेल."

"चाळीस हजार पेट्या? एकदम? त्याला म्हणावं, तुझ्या आईने आठवड्याचं जेवण एका ताटात वाढलं होतं का?"

"म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "चौदाचं म्हणणं आहे, तू दाखवलेली रीत लांबची आहे. त्याने जवळची पाठवलीय."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "हट्टी आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बरोबर आहे मेल्याचं." आणि ती हसली. मला उद्देशून नाही, पडद्याकडे बघून. अशी ती माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती, म्हणजे हसायची, पण मान राखून, उभी राहून.

त्या आठ दिवसांत मला झोप चांगली लागली. रिस्पाने नेकेसाला फोनवर सांगितलं की बाबांचं पोट बरं आहे.

निवडीच्या दिवशी गाथोनी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मॅडमना फार बोलणं आवडत नाही. "वाचा नावं," त्या म्हणाल्या.

"नऊ नंबर, ओतिएंदे. सत्तावीस नंबर, केमुन्तो."

"आणि चौदा?" म्वेनी म्हणाली. "मॅडम, बाकीचे दोघं नसले तरी चालवून घेईन, चौदा मला हवाच."

"चौदा मी आहे," मी म्हणालो.

"लुस्वेती, मी चौदा नंबरचं नाव विचारतेय."

"झब्लोन लुस्वेती."

मॅडमनी यादी हातात घेतली, चष्मा लावला, वाचली. "सगळे नंबर तुमच्या हातात, आणि स्वतःलाच एक देऊन टाकला?"

"अर्ज मुदतीत आला होता."

म्वेनीने तोंडावर हात ठेवला होता. "म्झे, मी तुम्हाला गाढव म्हटलं."

"चौदा नंबरला म्हटलंस."

"गुरुवारी पण म्हटलं."

"गुरुवारी तर जास्तच बरोबर होतं."

"आईचं पण काढलं!"

"तुम्हाला पगार कमी पडतो का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"केबिन लहान आहे?"

"मोठी आहे. फार मोठी आहे."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

मी खोलीच्या काचेतून बाहेर बोट दाखवलं. तिथे ओळीने टेबलं होती आणि एक खुर्ची रिकामी होती.

मॅडमनी त्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डचांना चौदाचं काम दाखवून झालंय आणि ते खूष आहेत. आता चौदा वारला म्हणून कळवू का त्यांना? तीन महिने बसा तिकडे. तुमच्या कामावर म्वेनी सही करेल. तिने सही नाही केली तर परत केबिन. आणि यादीची किल्ली द्या माझ्याकडे."

सोमवारी मी खुर्चीवर बसलो. शेजारी ओतिएंदे, सव्वीस वर्षांचा, कानात सतत गाणी. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासाठी गाणी बंद केली. मी म्हटलं, चालू दे. त्याने चालू केली, पण त्याच्या आजोबांच्या काळची.

आमच्याकडे एकाने लिहिलेलं काम दुसऱ्याने तपासून पुढे जातं. तपासणाऱ्याचा शेरा सगळ्यांना दिसतो. म्वेनी ओतिएंदेला लिहायची, 'हे काय आहे? हे वाचून माझे डोळे दुखले.' केमुन्तोला लिहायची, 'बाई गं, तिसऱ्यांदा तेच!' माझ्या कामावर शेरा होता, 'छान. धन्यवाद, म्झे.'

दुसऱ्या आठवड्यात होता, 'फार छान, म्झे.'

मी चांगलं काम करत होतो, हे खरं. पण इतकं चांगलं कोणीच करत नाही. दोनदा मला माझ्या कामात माझीच खोड दिसली, चौदाला ज्यावरून बोलणी बसली होती तीच. शेरा होता, 'छान.' मी मुद्दाम हट्ट केला, लिहून वाद घातला. उत्तर आलं, 'तुम्ही म्हणता तसं, म्झे.'

तिसऱ्या आठवड्यात मी जाणूनबुजून एक चूक केली. अगदी ढोबळ, शिकाऊ माणसानेही केली नसती अशी. एकच मागणी चुकून दोनदा नोंदली की गोदामात वजा दोनशे गुलाब दिसायचे. वजा दोनशे गुलाब कोणाला देता येत नाहीत आणि कोणाकडून परत मागताही येत नाहीत. मी ते पाठवलं आणि बोलणी खायला सज्ज होऊन बसलो.

शेरा आला, 'छान, म्झे.'

सकाळी येऊन बघतो तर चूक नव्हती. कोणत्या ओळीला कोणी कधी हात लावला, याची आमच्याकडे नोंद राहते. ती ओळ म्वेनीने सुधारली होती, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मी बसस्टॉपवर असताना.

दहाच्या चहाला आम्ही खिडकीपाशी जमलो. थर्मास तिच्या हातात होता.

"म्वेनी," मी म्हणालो, "वजा दोनशे गुलाब."

ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली. "बघितलं मी."

"मग लिहिलं का नाहीस?"

"एवढीशी तर होती, म्झे. मीच केली."

"ओतिएंदेची असती तर?"

"ओतिएंदेला मी या खिडकीतून खाली टाकलं असतं."

"चौथा मजला आहे," ओतिएंदे म्हणाला. "म्झे, तुम्ही साक्षीदार."

"चौदाला लिहायचीस तसं मला लिही ना," मी म्हणालो. नऊ वर्षं लोकांना नोकऱ्या देणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य बरं दिसलं नसावं, कारण ओतिएंदे मंदाझीच्या, म्हणजे तळलेल्या गोड पावांच्या, पुड्याकडे बघायला लागला.

म्वेनीने थर्मास खिडकीत टेकवला. मग म्हणाली, "चौदा कोण हे मला ठाऊक नव्हतं, म्झे. मला वाटायचं, असेल कोणी तिशीतला, हुडीवाला, आगाऊ. सकाळी ऑफिसला येताना मी ठरवत यायचे, आज त्याला काय बोलायचं." तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "खरं सांगू? मला पण त्याची आठवण येते."

"तो मीच आहे."

"तुम्ही आहात हो. पण माझे बाबा शाळामास्तर. तुमच्यासारखाच चष्मा कपाळावर ठेवतात. तुमचं काम उघडते, चूक दिसते, लिहायला घेते, आणि हातच पुढे जात नाही. घरी सवय नाही ना अशी."

"मी चष्मा खिशात ठेवीन."

"त्याने काय होणार?"

"काही नाही," मी म्हणालो.

"उद्यापासून लिहिते. शपथ."

"आजपासून का नाही?"

ती खरंच विचार करत होती. तिने तोंड उघडलं, "ती तुमची लिलावाची यादी आहे ना, म्झे, ती..." आणि शब्द शोधायला लागली. मी वाट बघत होतो. ओतिएंदे पण थांबला होता. तेवढ्यात त्याने सवयीने कप पुढे केला. तिने त्याच्या हातावर हलकी चापट मारली.

"आधी म्झेंना."

मग उजव्या कोपराला डावा हात लावून, वडीलमाणसाला देतात तसा, तिने मला कप दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. चहा गरम होता, आणि साखर बरोबर माझ्या मापाची होती.