परत आलेल्यांची यादी

नोटीस द्यायला आलेला पोलीस शिपाई सिद्धाराम मोटारसायकल पाराजवळ लावून चालत आला, कारण त्याची त्यालाच लाज वाटत होती. सायराबी दारात वाकळ शिवत बसली होती. वय सत्त्याहत्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा सादिक पुण्यात टेम्पो चालवायचा. गेल्या साली निराधारचा पगार सुरू करायला वयाचा पुरावा लागला, म्हणून तिनं जन्माचा दाखला काढला होता. आता उशिरा काढलेले असले दाखले पुन्हा तपासायचे, परदेशातून कुणी येऊन राहिलं असेल तर हुडकून परत धाडायचं, असा हुकूम निघाला होता.

"देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाय, मावशी," सिद्धाराम म्हणाला. तो नळदुर्गकडचा, बोलण्यात कानडी हेल होता. "आठ दिवसांत पुरावा घेऊन कचेरीत या."

शेजारच्या भिंतीवरून कडूबाईनं डोकं वर काढलं. ती सायराबीच्याच वयाची, आणि गावात कुठंही कागद फडफडला तरी तिला ऐकू यायचा.

"माजा दाखला बी त्याच दिवशी, त्याच टेबलावर निघालाय. माजी नोटीस कुठंय?"

"तुमचं नाव यादीत न्हाय, आजी."

"का न्हाय?"

सिद्धारामनं हेल्मेटकडं बघितलं, सही घेतली आणि निघून गेला.

सायराबीनं सुई वाकळीत खोचून ठेवली. "कडू, कुठं धाडतील गं मला?"

"बांगलादेशला म्हणत्यात."

"तिथं काय खात्यात?"

"भात आन् मासे."

"मला मासळीचा वास सोसत न्हाय," सायराबी म्हणाली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. कडूबाईनं भाकरी आणून ठेवली, तीही तशीच राहिली. तेव्हा कडूबाईनं नातसुनेला हाक मारली. अर्पिताचं अक्षर चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी म्हाताऱ्या एसटीनं तालुक्याला गेल्या. नायब तहसीलदार योगीराज हा तिशीतला, सरळ माणूस होता. सायराबीनं नोटीस पुढं केली. तिच्यावर कडूबाईनं आपला अर्ज ठेवला.

साहेबांनी अर्ज वाचला, परत वाचला. "आजी, हे काय लिहिलंय? 'मी परमुलखातून आलेली असून माझीही चौकशी व्हावी'?"

"खरं तेच लिवलंय. अठ्ठेचाळीस साली हितं निजामाचं राज्य हुतं. रझाकारांच्या भ्यानं आमची मान्सं बार्शीच्या छावणीत पळाली. म्या तिथंच जन्मले."

"पण बार्शी तर भारतातच होती."

"व्हय. आन् आमचं गाव नव्हतं. म्हंजे म्या भारतातनं निजामाच्या राज्यात आले. कागद न्हाय, पत्तर न्हाय, आईच्या कडंवर बसून. ही सायरा त्याच वर्साला हितंच जन्मली. आता तुमी सांगा, घुसलं कोण?"

कारकून हसला. साहेबांनी त्याच्याकडं बघितल्यावर त्याला खोकला आला.

"आजी, मला हसून चालत नाही," साहेब म्हणाले. "मला कागद लागतो."

"कागद हाय. भारताची फौज आल्यावर भ्या उलटं फिरलं. मग हिची मान्सं गुलबर्ग्याकडं पळाली. पुढं माझ्या बापानं आन् गावानं गाड्या जुंपून त्यास्नी परत आणलं. तवा कोण परत आलं, त्याच्यापासनं राज्याला काय धोका, हे सरकारनं लिवून घेतलं. आमची बी नावं लिवली. बाप सांगायचा."

योगीराजसाहेबांना जुन्या कागदांचा नाद होता. त्यांनी दप्तरखान्यातून गावाचे बस्ते काढायला लावले. दुपारी अडीचला तांबडी वही टेबलावर आली. धूळ झटकली, उघडली. सगळी उर्दूत.

कचेरीत उर्दू वाचणारं कुणीच नव्हतं. साहेब पानं उलटत राहिले.

"मला येतं," सायराबी हळूच म्हणाली.

संशयितानंच स्वतःचा पुरावा वाचायचा, असा नियम कुठल्याच परिपत्रकात नव्हता. वाचायचा नाही, असाही नव्हता. साहेबांनी खुर्ची दिली. सायराबीनं चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचू लागली.

"अक्रम, पेशा पिंजारी. गुलबर्ग्याहून वापस. सोबत बायको, एक लडकी सायरा, उमर दस महिने, पैदाइश इसी गाँव की." इथं ती थांबली, पदरानं डोळे टिपले. "पुढं धोक्याचा रकाना हाय. लिवलंय, गरीब आदमी, कोई अंदेशा नहीं."

"आन् आमचं?" कडूबाईनं विचारलं.

सायराबीनं बोट खाली नेलं. "दगडोबा. बार्शीहून वापस. एक लडकी, नाम नहीं रखा. आन् रकान्यात..." ती घुटमळली. "झगडालू आदमी. नजर रखी जाए."

कडूबाईची मान ताठ झाली.

साहेबांनी पानांचे फोटो काढले. उर्दू शिक्षकाकडून तपासून घेतो, तोवर नोटीस थांबवतो, असं लेखी दिलं. परत येताना कडूबाईनं एसटीत कंडक्टरला, वेशीत उतारूंना आणि गावात घरोघरी सांगितलं की माझ्या बापावर सरकारची नजर होती. आठवडाभर ती पारावरून चालली तरी माणसं सरकून वाट देत होती.

मग सिद्धाराम आला. या वेळी मोटारसायकल थेट दारात लावली. शिक्षकानं केलेलं भाषांतर आलं होतं. जन्म याच गावचा, चौकशी बंद. सायराबीनं कागद कपाळाला लावला. सिद्धाराम कडूबाईशेजारी चहाला बसला आणि भाषांतर मोठ्यानं वाचू लागला. नावं, वयं, गावं सगळं जुळत होतं.

"अक्रम, धोक्याचा रकाना: भांडखोर इसम, लक्ष ठेवावे. दगडोबा, धोक्याचा रकाना: गरीब गाय, काही भीती नाही."

कडूबाईनं बशी खाली ठेवली. "सायरे."

"काय करू गं," सायराबी म्हणाली. "म्या संशयित. सायबापुढं माझ्या बापाचं असलं कसं वाचू? तुझ्या बापाला खपलं असतं, म्हणून वरचं खाली केलं."

कडूबाईनं बशीतला उरलेला चहा संपवला. मग सिद्धारामकडं वळली.

"हे अजून कुनाकुनाला ठावं हाय?"

"सायेब, मास्तर आन् मी."

"बस झालं. गावात वाचू नगंस."

सायराबी तोंडाला पदर लावून हसत होती. कडूबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. आपल्या घरात गेली आणि सिद्धारामसाठी शेंगदाण्याचा लाडू घेऊन आली, एक नाही, चार.