रौझाआजींची बाराखडी

तीस वर्षं मी नागपुरात पहिलीच्या वर्गाला शिकवलं. त्यामुळे समोरचा माणूस गप्प बसला की माझा जीव कासावीस होतो. आणि अमेरिकेत, कॅरी गावच्या आमच्या लेकीच्या घरात तर दोन माणसं गप्प होती. एक माझा जावई इल्नूर, दुसरी त्याची आजी रौझाबाई. बाई रशियातल्या कझानहून महिनाभरासाठी आल्या होत्या. भाषा त्यांची तातार. इल्नूर सहा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याच मांडीवर वाढला, मग आईबरोबर अमेरिकेत आला. दहाव्या वर्षी सुट्टीत परत गेला, तेव्हा चुलत भावंडं त्याच्या बोलण्याला फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून गड्यानं तातारचा एक शब्द तोंडातून काढला नाही. त्याची आई होती तोवर दोघांच्या मध्ये दुभाषी व्हायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. आता आजी बघते, नातू हसतो, बस्स.

रविवारी बाईंचं विमान होतं. त्यांनी फोनवर बोटानं लिहून मला दाखवलं, फोननं त्याचं मराठी केलं, "त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकून जायचं आहे." वाचून मला भडभडून आलं.

मी इल्नूरला सांगून पाहिलं. "आई, आय कान्ट," म्हणाला, आणि भांडी घासायला पळाला.

"आई, त्याला प्रेशर नको देऊस ना यार," माझी लेक अनया म्हणाली.

ठीक आहे बाप्पा, त्याला नाही, तर मी शिकते! गुरुवारी दुपारी वही घेऊन बाईंसमोर बसले. त्यांची आजी अरबी वळणाची अक्षरं लिहायची, आई इंग्रजीसारखी, त्या स्वतः रशियन. एका घरात तीन लिप्या! म्हटलं, चौथी आमची घ्या. आजीला त्यांच्यात 'ॲबी' म्हणतात. तो 'ॲ' आपल्याकडे आहेच की, बॅटमधला. माझी कॉलर ताठ झाली.

मग मी सवयीनं तेच केलं जे आम्ही मास्तरणी करतो. बाराखडी! हात नाचवत, हेल काढत, "बा बॅ, बो ब्यो, बू ब्यू!"

बाई आधी अवाक् झाल्या, मग पदर नव्हता म्हणून रुमाल तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्यात म्हणे स्वर कडक आणि मऊ असतात, अस्सल तातार शब्दात ते एकत्र नांदत नाहीत. आणि मी एका दमात दोघांची लग्नं लावत सुटले होते. त्यात तो 'ब्यो' मला काही केल्या जमेना. ओठ 'ओ'चे करायचे आणि जीभ 'ए'ची ठेवायची! बाईंनी पाच वेळा म्हणायला लावलं, पाचही वेळा मान हलवली. चौसष्टाव्या वर्षी मी नापास!

दारात इल्नूर कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही. ऑफिसची बॅग खांद्यावरच होती.

"सोन्या, हस खुशाल," मी म्हटलं. "मला काही लाज वाटत नाही. तू म्हणून दाखव बरं!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि 'ब्यो' म्हणाला. एकदम बरोबर, स्वच्छ. रौझाबाईंचं हसू थांबलं.

मग तो आजीच्या पायाशी बसला आणि अडखळत बोलला, "ॲबी, चॅय एचिक." आजी, चहा पिऊ या. शब्द अगदी बोबडे, कान लाल झालेले.

माझी जुनी खोड. "परत म्हण, नीट," म्हणायला मी तोंड उघडलं, तोच बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्या हातानं त्या इल्नूरचे केस कुरवाळत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन घेतला, लिहिलं, माझ्यापुढे धरला.

"दुरुस्त करू नका. माझ्याकडून गेला तेव्हा तो असाच बोलायचा."