एकवीस अंश

हवामान खात्यात चौतीस वर्षं तापमानाच्या नोंदी केलेल्या माणसाला थंडीबद्दल कुणी काय शिकवायचं, असं पारेकाका हसत हसत म्हणत; पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे. पाऱ्यावरून ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलेलं ते नाव आता साऱ्या इमारतीच्या तोंडी बसलं होतं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती आणि हिवाळ्याची चाहूल लागली की ती कंबर कसून उभी राही. पाय अडकून पडू नये म्हणून जमिनीवरची सतरंजी उचलली गेली, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लागली, कोपऱ्यात हीटर आला आणि काकांच्या अंगावर एकावर एक असे तीन स्वेटर चढले. कामावर निघताना ती बाहेरून कुलूप लावी.

"जिन्यात ओल असते, बाबा. तुम्ही घसरलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"आणि इथे काही झालं तर?"

"शेजारी किल्ली दिलीय की."

तिचं प्रत्येक म्हणणं बिनतोड असे, आणि खरी अडचण तीच होती. कोपऱ्यावरच्या बाकावर दोन जुने दोस्त वाट बघत असतील, एवढ्याच विचाराने काकांचा जीव कासावीस होई.

भिंतीवर एक साधा तापमापक टांगलेला होता. जुन्या सवयीने काका दिवसातून तीनदा वहीत नोंद करत. सकाळी एकवीस, दुपारी एकवीस, संध्याकाळी एकवीस. निसर्गात असं कधी होत नाही, असं मनाशी म्हणत एका दुपारी त्यांनी तो खाली काढला आणि बिघडलाय का बघावं म्हणून त्याचं टोक मुठीत धरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पारा एकवीसवरच.

'गेला कामातून,' असं पुटपुटत त्यांनी टोक चहात बुडवलं. पारा सरसर वर चढला. तो खाली यायची त्यांनी वाट पाहिली, मग तापमापक काखेत धरला, मग जिभेखाली, आणि दर वेळी चष्मा नीट पुसून आकडा पुन्हा पुन्हा वाचला: एकवीस. चौतीस वर्षांत त्यांच्या वाचनात कुणी चूक काढली नव्हती.

लेक घरी आली तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "जरा हे धर बघू हातात."

तिने धरला. बोलता बोलता पारा तेहतीसवर गेला. तिने तो पाहिला, काकांकडे पाहिलं, आणि तापमापक पुन्हा खिळ्याला अडकवला.

"उगाच खेळत बसू नका त्याच्याशी," ती म्हणाली. "चहा प्यायलात का?"

तिने काहीतरी विचारायला हवं होतं. निदान चकित तरी व्हायला हवं होतं. ती भांडी विसळत राहिली आणि काका तिच्या पाठीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्यांनी चाकूने चिकटपट्टी कापून खिडकी उघडली. इतक्या दिवसांनी खरी हवा आत आली, रस्त्यावरचे आवाज आले, आणि काका शेजारच्यांना हाक मारून किल्ली मागावी म्हणून बाहेर झुकले. हाक घशापर्यंत आली. वीस, एकोणीस, अठरा... मागे भिंतीवर पारा उतरत असणार हे त्यांना न बघता कळत होतं, कारण त्यांच्या बोटांना जडपणा येत होता आणि डोक्यातले शब्द एकेक करून मागे राहत होते. आपण खिडकीशी का आलो, हा प्रश्न त्यांना पडला. मग तोही पडेनासा झाला.

लेक जेवायच्या सुट्टीत आली तेव्हा ते तसेच उभे होते, एक हात चौकटीवर ठेवून. तिने खिडकी लावली, हीटर जवळ ओढला आणि त्यांचे तळवे चोळत ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

"असं नका ना करू, बाबा. किती वेळा सांगू तुम्हाला?"

हे तिने याआधी कितीदा सांगितलं होतं, ते काकांना आठवेना.

आता भरवसा उरला तो फक्त परिचारिकेचा. थंडीत दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्यांकडे चक्कर मारायचं तिचं काम होतं, आणि गुरुवारी सकाळी ती यायची होती. बाहेरचा माणूस, शिकलेला माणूस. ती एकदा हात लावेल, दचकेल, आणि मग डॉक्टर, रुग्णवाहिका, काहीतरी होईलच. काका बुधवारपासूनच दाराकडे तोंड करून बसले.

ती शेजारची किल्ली लावूनच आत आली. गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. पायातले बूट काढता काढता तिने हीटरकडे, खिडकीकडे, काकांच्या मोज्यांकडे बघून घेतलं.

"बाई," काका घाईने म्हणाले, "माझं अंग तपासा. आत्ता. लेकीला सांगू नका."

"त्यासाठीच तर आलेय, काका. आ करा."

तिने पिशवीतून एक काचेची नळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली. काकांनी डोळे खाली वळवून नळीवरच्या खुणा वाचल्या. तापाच्या नळीवर खुणा पस्तिसापासून सुरू होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या नळीवर त्या दहापासून होत्या.

दोन मिनिटांनी तिने नळी उजेडात धरली.

"एकवीस. छान ठेवलंय हो लेकीने तुम्हाला!" तिने कौतुकाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि कागदावर नोंद केली. कागद लांबलचक होता, आणि त्यावर बऱ्याच घरांचे आकडे होते. "नशीबवान आहात. वरच्या मजल्यावरच्या आजी कालपासून चौदावर आल्यात, त्यांचा मुलगा गावाला गेलाय ना."

ती बूट घालून बाहेर पडली. कुलपात किल्ली फिरली. जिना चढणारी तिची पावलं काकांनी ऐकली, मग वर दार उघडल्याचा आवाज, आणि मग छतातून तिचा मोकळा, हसरा स्वर खाली आला: "अगंबाई, आजी! खिडकी कुणी उघडली?"