डावीकडची सीट

तानू गेल्याचं मला फरीदाबादच्या एका गोदामात कळलं. गाडीत वॉशबेसिन आणि कमोडचे खोके भरून झाले होते. मी मागचा फाळका लावून दोर आवळत होतो. मुनीम बाहेर आला आणि म्हणाला, "फौजी, घर से फोन था. सीधे अस्पताल पहुँचो." मी विचारलं, क्या बोले? तो खाली बघत म्हणाला, "तुम पहुँचो तो." तेवढ्यावरून समजलं.

माल इथंच राहू दे, माझी स्कूटर घेऊन जा, असं तो म्हणत होता. मी ऐकलं नाही. भरलेली गाडी घेऊन निघालो. हॉस्पिटलच्या गेटवरचा चौकीदार म्हणाला, लोडेड गाडी अंदर नहीं जाएगी. मी गाडी तिथंच लावली आणि चावी त्याच्या हातात ठेवली. वर माझा मुलगा पृथ्वीराज भिंतीला टेकून उभा होता. ऑफिसच्या कार्डाचा पट्टा गळ्यात तसाच होता.

"आबा, आई गेली," तो म्हणाला. "मी पण नव्हतो जवळ. चहा आणायला खाली गेलो होतो."

मी सैन्यात ड्रायव्हर होतो. शेवटची नोकरी दिल्ली कँटमध्ये झाली. निवृत्त झालो तेव्हा पृथ्वीराजचं शिक्षण चालू होतं, म्हणून गावी गेलो नाही. एक पिकअप घेतली. तेव्हा गुडगावात शेतं संपून इमारती उठत होत्या. प्रत्येक इमारतीला फरशा लागायच्या, नळ लागायचे, संडास लागायचे. ते आम्ही वाहिले. मग त्या इमारतींत लोक राहायला आले, त्यांचं सामान वाहिलं. घरची गाडीही तीच होती. मंडईला तीच, स्टेशनवर पाहुणे आणायला तीच. पृथ्वीराजला कॉलेजात सोडायलाही तीच जायची. तो एक चौक आधीच उतरायचा. त्याला वाटायचं आम्हाला कळत नाही.

आम्हाला म्हणजे मला आणि तानूला. पोरगा कॉलेजात जायला लागल्यावर तानू माझ्याबरोबर गाडीत बसायला लागली. घरात एकटी काय करू, म्हणाली. डाव्या बाजूच्या सीटवर बसायची, पायाशी डब्याची पिशवी. गाडी रिव्हर्स घ्यायची झाली की खाली उतरायची आणि मागून ओरडायची, "येऊ द्या, येऊ द्या, अजून... बास!" गुडगावातल्या अर्ध्या हमालांना 'बास' हा मराठी शब्द तिच्यामुळे माहीत होता. मीच त्यांना सांगायचो, मॅडम बास बोले तो बास.

मग तिला हाडांचा आजार झाला. पृथ्वीराजनं तोवर कार घेतली होती, पण कारची सीट खाली असते. तिला तिथून उठता यायचं नाही. ती म्हणायची, मला आपल्या गाडीत बसवा. पण पिकअप रिकामी असली की उडते. मागच्या स्प्रिंगा वजनासाठी केलेल्या असतात. वजन नसेल तर बारीक खड्डासुद्धा पाठीत बसतो. म्हणून तिला हॉस्पिटलला न्यायच्या दिवशी मी हौद्यात वाळूची पोती टाकायचो. पहिल्या वेळी कमी टाकली. तिनं दाराची कडी धरून ठेवलेली मी बघितली. पुढच्या वेळी जास्त टाकली. मग गाडी पाण्यावर चालल्यासारखी चालायची आणि तिला झोप लागायची.

अस्थी गोळा केल्या तेव्हा गुरुजींनी सांगितलं की त्या घरात न्यायच्या नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गावी त्या घराबाहेर झाडाला बांधून ठेवतात. आम्ही पृथ्वीराजच्या फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीत अशोकाची झाडं आहेत, पण ती नवी, कमरेएवढी, लोखंडी जाळीत लावलेली. त्यांना काय बांधणार? पिकअपला सोसायटीत यायला परवानगी नाही, ती मागच्या भिंतीबाहेर उभी असते. मी तांब्याचा कलश पांढऱ्या कापडात बांधला, डाव्या सीटवर ठेवला आणि कॅनव्हासच्या पट्ट्यानं सीटला आवळला.

"आबा, दोन-तीन दिवसांचीच गोष्ट आहे," पृथ्वीराज म्हणाला. "संडेला गढला जाऊ. गाझियाबादवरून सरळ रस्ता आहे, गंगेवर सगळे तिथंच जातात."

त्या रविवारी मी म्हणालो, माल पोचवायचाय. पुढच्या रविवारी टायर बदलायचा होता. गुरुजींनी दहावा-तेरावा उरकला आणि अस्थी सवडीनं सोडा म्हणाले. मग पृथ्वीराजची बायको शिवांजली, जी माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही, ती एकदा ताट वाढताना म्हणाली, "आबा, आईंना किती दिवस बाहेर ठेवणार?" मी जेवलो आणि उठलो.

मी कामावर जात होतो. कलश सीटवर होता. माल चढवणारे हमाल विचारायचे, फौजी, ये क्या है? मी म्हणायचो, घर का है. डाव्या बाजूला मी कोणाला बसवत नव्हतो. हमाल मागं हौद्यात बसायचे. एका ठेकेदाराला राग आला, त्यानं काम देणं बंद केलं. रिव्हर्स घेताना मी काच खाली करून कान द्यायचो. मग आरशात बघून हळूहळू मागं जायचो. एकदा खांबाला लागली.

होळीनंतर पुष्कर नावाच्या पुण्याच्या मुलाचं सामान न्यायचं काम आलं. तो आणि त्याची बायको रेवती दिल्लीत मुनीरकात भाड्यानं राहायचे. दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. गुडगावात त्यांनी फ्लॅट घेतला होता. पुष्करची आई कुमुदिनीबाई वास्तुशांतीसाठी पुण्याहून आल्या होत्या. मराठी माणूस मिळाला म्हणून त्या खूश होत्या. सामान चढवताना त्यांनी मला दोनदा चहा दिला आणि कपाट दोरीनं नीट बांधलंत म्हणून कौतुक केलं.

निघताना त्यांच्या कारमध्ये कुंड्या आणि काचसामान भरलं होतं. बसायला जागा नव्हती. कुमुदिनीबाई देवांचा डबा घेऊन थेट माझ्या केबिनशी आल्या.

"मी येते तुमच्याबरोबर. पुष्कर गाडी फार जोरात मारतो, देव आपटतील."

मी म्हणालो, "बाई, इथं अडचण होईल."

"कसली अडचण? एवढी मोठी सीट आहे. हे गाठोडं जरा सरकवा."

"ते राहू द्या. तुम्ही दाराकडं बसा."

त्या बसल्या. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर त्या उतरल्या असत्या, दुसरं काहीतरी ठरलं असतं. पण पुष्कर मागून हॉर्न वाजवत होता आणि मी गिअर टाकला.

मेहरौलीच्या पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, "गंगेचं पाणी आहे का यात? एवढं जपून बांधलंय."

हो म्हणता आलं असतं. मला ते जमलं नाही.

"माझी बायको आहे," मी म्हणालो.

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी देवांचा डबा उचलून छातीशी धरला.

"गाडी थांबवा."

"बाई, इथं मागून ट्रक..."

"थांबवा म्हणते ना!"

मी कडेला घेतली. त्या देव घेऊन खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेच्या धुळीत उभ्या राहिल्या. मागून पुष्करची कार आली.

"आई, काय झालं? गाडी लागली का?"

"विचार यांना! अस्थी घेऊन फिरतायत! माझ्या मांडीवर देव, आणि शेजारी..." त्या माझ्याकडं वळल्या. "अहो, नव्या घराचं सामान आहे हे. तुमच्या घरी कोणी असं केलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

"नसतं चाललं," मी म्हणालो.

"मग?"

पुष्कर माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, सांगायचं तरी यार. आम्ही दुसरी गाडी बोलावली असती."

रेवती कारमधून उतरली. ती म्हणाली, "आई, आता सामान काय रस्त्यावर उतरवायचं का? जाऊ दे ना. काकांनी मुद्दाम थोडंच केलंय."

"तू गप्प बस. तुला यातलं काय कळतं?"

"मला एवढंच कळतं, की फ्रिज रस्त्यावर उतरवला तर परत कोण चढवणार?"

पुष्करला हसू आलं, ते त्यानं दाबलं. मग तो म्हणाला, "काका, एक काम करू. तो कलश तेवढा आम्ही सामान उतरवेपर्यंत कुठं तरी ठेवा. बाहेर. चालेल ना आई?"

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. एका बाजूला पत्र्याचं कुंपण होतं, आत खोदलेलं. दुसऱ्या बाजूला रस्ता.

"मी उतरवणार नाही," मी म्हणालो. "तुमचं सामान उतरवायचं असेल तर उतरवतो. भाडं नको. तिला मी रस्त्यावर ठेवणार नाही."

कुमुदिनीबाई माझ्याकडं बघत होत्या. राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला.

"कधी गेल्या?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीच्या? आणि अजून गाडीत?" त्या जवळ आल्या, केबिनच्या दाराशी. "अहो, त्या बाईला विसावा आहे की नाही? दिवसभर धूळ, हॉर्न, हमालांच्या शिव्या. आजारी होत्या ना? हाडं दुखून गेलेली बाई, आणि तिला तुम्ही मालाबरोबर फिरवताय!"

आजार मी त्यांना सांगितला नव्हता. चहा पिताना रेवतीला सांगितला होता, तिनं सांगितला असेल.

"तिला गाडीत बसायला आवडायचं," मी म्हणालो.

"तिला आवडायचं. आता तुम्हाला आवडतंय."

मी कलशाचा पट्टा पुन्हा आवळला.

"आमचे गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला घाटावर नेलं नाही. बायका येत नाहीत म्हणाले. दिरांनी नेल्या अस्थी, कुठं सोडल्या, कशा सोडल्या, मला माहीत नाही. आल्यावर दिरांना विचारलं तर म्हणाले, झालं सगळं वहिनी. बास. मला हात लावायला मिळाला असता तर मी चालत गेले असते. तुम्हाला कोणी अडवलंय? मुलगा आहे, गाडी आहे."

पुष्कर म्हणाला, "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

त्या परत माझ्या गाडीत बसल्या नाहीत. कारमधली कुंड्यांची टोपली काढून आमच्या हौद्यात ठेवली आणि देव घेऊन त्या कारमध्ये बसल्या. मला त्यांनी सांगितलं, तुमची गाडी गेटच्या आत आणायची नाही. मी बाहेर उभी केली. हमालांनी सगळं सामान गेटपासून हातानं नेलं, फ्रिजसुद्धा. मी स्वतः कपाट उचललं. सामान उतरून झाल्यावर पुष्करनं ठरलेलं भाडं दिलं. मी नको म्हणालो, रेवतीनं ते खिशात कोंबलं. कुमुदिनीबाई परत खाली आल्या नाहीत.

संध्याकाळी मी पृथ्वीराजला म्हणालो, "शनिवारी गढला जाऊ."

त्यानं हातातला रिमोट खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की. पण पिकअपनं."

"बिल्कुल. पिकअपनं."

तो माझ्याबरोबर पिकअपमध्ये कॉलेजनंतर बसला नव्हता. आम्ही पहाटे निघालो. तो दाराकडं बसला, कलश मधे. गाझियाबाद, हापूड गेलं. त्याचं ऑफिस, नवा साहेब, शिवांजलीला दिवस गेलेत हे त्यानं त्याच वाटेवर मला सांगितलं. मी गाडी हळू केली. "आईला सांगितलंस का?" मी विचारलं. त्यानं कलशाकडं बघितलं.

घाटावर नावाडी होते, पंडे होते. एका पंड्यानं नाव, गोत्र विचारलं. पृथ्वीराजनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आम्ही नावेतून मधल्या धारेला गेलो. पंडा म्हणाला, बेटा करेगा. मी म्हणालो, मैं करूँगा. पृथ्वीराज बाजूला सरकला.

मी कापडाची गाठ सोडायला घेतली. ती माझीच गाठ होती, माल बांधतो तशी. एका झटक्यात सुटते. मी ती धरून बसलो. एकदा सोडलं की ती सीट रिकामी झाली, मग तिथं कोणीही बसेल. कुमुदिनीबाईंचं बोलणं मला आठवत होतं. त्या खरं बोलल्या होत्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी हात हलला नाही. नावाडी वल्ही थांबवून बसला. पंड्यानं मंत्र परत पहिल्यापासून म्हटला.

"आबा," पृथ्वीराज म्हणाला, "मी करू?"

मी मान हलवली. तो नको समजला. मलाही माहीत नाही मी काय म्हणालो.

परत येताना गाडी त्यानं चालवली. त्याला ती नीट येत नाही, क्लच फार दाबतो. मी डाव्या सीटवर बसलो, कलश तसाच बांधलेला मांडीवर. त्या सीटवरून आरशात मागचं काही दिसत नाही. आरसा ड्रायव्हरसाठी लावलेला असतो. एवढी वर्षं गाडी चालवून मला हे ठाऊक नव्हतं. हापूडच्या पुढं त्यानं चहासाठी गाडी थांबवली आणि म्हणाला, "आबा, बाळ यायच्या आत जाऊ परत. तेव्हा मी सोडेन, तुम्ही फक्त हात लावा."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. जाऊ."

"जाऊ."

शिवांजलीला आता सातवा महिना आहे. तानूच्या अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.