नेम चुकल्यावर

त्या नोव्हेंबरात मिशिगनच्या उत्तरेला आमच्या शिकारीच्या तळावर पोचताच थोरल्या भावाने, रैनोदादाने, बजावलं, "मला पाहुण्यासारखं वागवायचं नाही. शिकारीला आलोय, हवापालटाला नाही." डॉक्टर त्याच्या फुप्फुसांबद्दल काय म्हणाले होते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचा हंगाम त्याला दिसणार नव्हता.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सौनाच्या, म्हणजे लाकडी वाफघराच्या, वाफेत बसून हरणांना लागू नये म्हणून अंगाचा माणूसवास काढला. कपडे बाहेर देवदाराच्या फांद्यांवर टांगले. आतेभाऊ ओन्नी म्हणाला, "मास्तर, तुझ्या अंगाला पुस्तकांचा वास येतो. तो कितीही वाफ घेतलीस तरी जायचा नाही." मी जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं.

उजाडताना दादा आणि मी दलदलीच्या कडेला बसलो. माजावर आलेल्या हरिणीच्या मुताची बाटली दादाने उघडली, चिंधी भिजवली आणि वारा पाहून फांदीला बांधली. "लाव थोडं अत्तर. बायकांपुढे तुझं कधी जमलं नाही, निदान हरणांपुढे तरी जमेल." हसताना आलेला खोकला त्याने मफलरात दाबला.

नराला भुलवायची हरणाची जुनी शिंगं मात्र त्याने माझ्याकडे दिली. पूर्वी तो दोन शिंगं एकमेकांवर आपटून अशी झुंज उभी करायचा, की झाडांमागे खरोखर दोन नर भिडलेत असं वाटायचं. लहानपणी मी नुसतं ते ऐकायला त्याच्यामागे बर्फ तुडवत जायचो. माझ्या हातात त्यांचा आवाज चमचे सांडल्यासारखा आला.

"घासत आण," तो कुजबुजला. "मारामारीच्या आधी ढकलाढकली असते. आता पाय आपट. थांब. त्याला विचार करू दे."

मग हरणाचा आवाज काढायची नळी ओठांना लावून त्याने नरासारखी एक हलकी गुरगुर काढली. त्याच्यात तेवढाच श्वास होता.

नर आला. मान ताठ, नाक चिंधीकडे. दादाने नेम धरला, बार झाला, आणि पांढरी शेपटी उडवत हरीण झाडीत नाहीसं झालं. आम्ही बराच वेळ शोधलं. बर्फावर रक्ताचा थेंबही नव्हता.

ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून आमच्या तळाच्या भिंतीवर ठोकतात. माझे तिथे कितीतरी होते. दादाचा एकही नव्हता. दुपारी जेवायला सगळे जमले, पण कुणी कात्रीचं नाव काढेना.

"वारा फिरला असेल," ओन्नी म्हणाला.

"वारा नव्हता फिरला. मी चुकलो." दादा उठला, आमच्याकडे पाठ केली आणि शर्ट पँटबाहेर ओढला. "कात्री कुठंय? का मला आत्ताच मेल्यात जमा केलंत?"

मी कापावं म्हणून तो थांबलाय हे मला नेहमीप्रमाणे उशिरा कळलं. मी कात्री घेतली. जाड लोकरी कापड होतं, कात्री सरळ जाईना.

"वाकडं कापतोयस, गाढवा. नवा शर्ट आहे!"

"म्हातारा चुकला रे!" ओन्नी एकदम ओरडला. "मोठा खिळा आणा!" मग सगळेच टेबल बडवायला लागले. त्याला ज्या शिव्या घातल्या, त्या लिहायची माझी हिंमत नाही.

दादा कापलेला शर्ट तसाच लोंबता ठेवून शेगडीला पाठ देऊन बसला. "वाढा आता," तो म्हणाला.